जुन्या घड्याळांच्या यंत्रभागांवरील डागांची सफाई

जुन्या घड्याळांच्या यंत्रभागांवरील डागांची सफाई ही यांत्रिक घड्याळांच्या दुरुस्तीतील व जतनातील एक प्रक्रिया आहे. चावीच्या अथवा स्वयंचलित घड्याळाचे यंत्र, म्हणजेच मूव्हमेंट, पूर्ण सुटे करून त्यातील प्लेट, ब्रिज, चक्रे, स्क्रू, स्प्रिंगा आणि माणके यांवर साचलेला मळ, वाळलेले तेल, कळंक व गंज काढणे हा तिचा उद्देश असतो. नेहमीच्या धुलाईनंतरही जे डाग शिल्लक राहतात, त्यांचा विचार या लेखात प्रामुख्याने केला आहे. असे डाग दोन अगदी भिन्न जातींचे असतात. काही डाग धातूवर बसलेले असतात, तर काही धातूचेच रासायनिक रूपांतर होऊन तयार झालेले असतात. पहिल्या जातीचा डाग काढला की खालचा पृष्ठभाग जसाच्या तसा हाती येतो. दुसऱ्या जातीचा डाग काढणे म्हणजे धातूचा तेवढा थर कायमचा काढून टाकणे होय. ही जात ओळखता न आल्यामुळे अनेक जुनी यंत्रे वापराने नव्हे, तर सफाईने खराब झालेली आढळतात.

यंत्रातील धातू व मुलामे

जुन्या घड्याळाची मुख्य प्लेट आणि ब्रिज बहुधा पितळेचे असतात. पितळ उघडे ठेवले तर काळवंडते, म्हणून त्यावर सोन्याचा, निकेलचा किंवा पुढील काळात ऱ्होडियमचा पातळ मुलामा देण्याची पद्धत पडली. १९व्या शतकातील अनेक खिशातील घड्याळांच्या यंत्रांना दाणेदार, मंद चमकेचा सोनेरी मुलामा आढळतो. आधी हा मुलामा पाऱ्याच्या साहाय्याने दिला जाई. १८४०नंतर विद्युत्‌विलेपनाची पद्धत रुळली. काही यंत्रांचे ब्रिज जर्मन सिल्व्हरचे असतात. हा तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू असून त्यात चांदीचा अंशही नसतो. महाराष्ट्रातील घरांत ज्यांना ‘जर्मनची भांडी’ म्हणतात ती ॲल्युमिनियमची असतात. त्यांचा या मिश्रधातूशी नावापुरताच संबंध आहे. जर्मनीतील ग्लासहुट्टे येथील घड्याळांत हा धातू मुलाम्याविना वापरण्याची परंपरा आहे आणि त्यामुळेच तो बोटांच्या ठशांनीही डागाळतो.

स्क्रू, चक्रांचे आस, चावीचा दांडा आणि लहानमोठ्या स्प्रिंगा पोलादी असतात. स्क्रूंचा निळा रंग हा रंगलेप नसतो. चकचकीत पोलाद सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले असता त्यावर ऑक्साइडचा अत्यंत पातळ पडदा तयार होतो आणि तो निळा दिसतो. आसांची टोके ज्यांत फिरतात ती माणके २०व्या शतकाच्या आरंभापासून बहुतेक कृत्रिम आहेत. त्यांना स्वतःला डाग पडत नाही. त्यांच्या छिद्रांत आणि तेलाच्या खळगीत मात्र मळ घट्ट बसतो.

डाग कसे पडतात

पितळेच्या वा तांब्याच्या, कल्हई नसलेल्या भांड्यात ताक किंवा आमटी ठेवली की ती कळकते, हे जुन्या पिढीतील प्रत्येक गृहिणीला ठाऊक होते. घड्याळात होते तेही तत्त्वतः तेच. पूर्वीची घड्याळाची तेले प्राणिज वा वनस्पतिज असत. अमेरिकेतील विल्यम नाय यांचा १८४४ साली सुरू झालेला तेलाचा व्यवसाय दीर्घकाळ शिंशुक आणि लहान देवमासे यांच्या जबड्यातील व डोक्यातील तेलावर चालला. अशी तेले पोलादाला उत्तम वंगण देत. परंतु काळाच्या ओघात ती आंबून त्यांतून मेदाम्ले सुटत. ही आम्ले पितळेतील तांब्याशी संयोग पावून हिरवट, मेणासारखा पदार्थ बनवतात. माणकाभोवती दिसणारे हिरवे कडे हे बहुधा याचेच असते. त्याच तेलाचा उरलेला भाग हवेतील ऑक्सिजनने घट्ट होऊन तपकिरी, लाखेसारखा पापुद्रा बनतो. हा पापुद्रा केवळ धातूवर बसलेला असतो. हिरव्या कड्याखाली मात्र पितळ थोडेफार खाल्ले गेलेले असते.

बोटांचे ठसे हा दुसरा नेहमीचा डाग. घामातील क्षार आणि आम्ले धातूवर काम करत राहतात. ताजा ठसा सहज पुसला जातो, पण काही वर्षे राहिलेला ठसा धातूत कोरल्यासारखा होतो. जुन्या यंत्राच्या ब्रिजवर कधीकाळच्या घड्याळजीच्या अंगठ्याच्या रेषा स्पष्ट वाचता येतात, त्या यामुळेच. पाणी शिरलेल्या घड्याळात गंजाची सुरुवात बहुधा चावीच्या दांड्यापाशी आणि वेळ लावण्याच्या यंत्रणेपाशी होते, कारण पाणी चावीच्या वाटेनेच आत येते. तेथून तांबडी पूड शेजारच्या भागांवर पसरते व मुलाम्यावर नारिंगी छटा सोडते. ही छटा मुलाम्याची नसते, बाहेरून आलेली असते आणि सहसा निघते.

याखेरीज पूर्वीच्या सफाईने पडलेले डाग असतात: न धुता राहिलेल्या द्रावणाच्या पांढुरक्या रेषा, अमोनियात फार वेळ राहिल्याने आलेला काळपटपणा, डाख देताना वापरलेल्या आम्लाचे ओघळ. निकेलचा मुलामा जिथे झिजलेला वा भेगाळलेला असतो, तिथे ओल खाली शिरून मुलाम्याला फोड येतात. तो डाग दिसतो वर, पण असतो खाली.

तपासणी

सफाईपूर्वी यंत्र भिंगाखाली पाहून त्याची छायाचित्रे घेतली जातात. डाग कोणत्या जातीचा आहे, हे ठरवण्यासाठी सामान्यतः सौम्य उपायापासून सुरुवात करतात. टोक काढलेल्या मऊ लाकडी काडीने, प्रथम कोरडी व नंतर नॅफ्थात बुडवून, डागाच्या कडेला हलकेच घासून पाहतात. काडीच्या टोकाला रंग आला आणि डाग मागे सरकला, तर तो वर बसलेला आहे. काडी स्वच्छ राहिली, किंवा काडीला रंग येऊनही खाली खडबडीत खळगा दिसू लागला, तर धातू बदललेला आहे. ही चाचणी तबकडीखाली झाकल्या जाणाऱ्या बाजूवर घेण्याचा प्रघात आहे.

या वेळी दोन गोष्टी विशेष पाहाव्या लागतात. पहिली म्हणजे कोरलेल्या अक्षरांत भरलेला रंग. तो अनेकदा साध्या द्रावकानेही निघून जातो. दुसरी म्हणजे दुरंगी सजावट. अमेरिकेतील काही खिशातील घड्याळांच्या निकेल ब्रिजवर सोन्याच्या अतिशय पातळ थराने नक्षी उठवलेली असते. हा थर इतका नाजूक असतो की, जोराने पुसल्यानेही जातो. अशा यंत्रावर डाग राहिला तरी चालेल, नक्षी राहिली पाहिजे, असेच धोरण ठेवणे इष्ट.

धुलाई

वाळलेले तेल निघाल्याशिवाय डागाचे खरे रूप दिसत नाही, म्हणून पहिली पायरी धुलाईची. भारतातील गावोगावचे घड्याळजी यासाठी पिढ्यान्‌पिढ्या पेट्रोल आणि मऊ ब्रश वापरत आले. पेट्रोल तेल विरघळवते, पण त्यातील इतर घटक मागे पातळ थर ठेवतात आणि पेट घेण्याचा धोका मोठा असतो. शुद्ध नॅफ्थाचा अवशेष जवळजवळ राहत नाही. पेट घेण्याचा धोका मात्र त्यालाही आहे. २०व्या शतकाच्या मध्यापर्यंत कार्बन टेट्राक्लोराइडही सर्रास वापरात होते. ते पेट घेत नाही, म्हणून सुरक्षित मानले जाई. यकृतावरील त्याचे घातक परिणाम लक्षात आल्यावर त्याचा वापर बंद झाला.

पितळेची झळाळी परत आणणारे पारंपरिक द्रावण म्हणजे पाणी, अमोनिया, ओलेइक आम्ल आणि ॲसिटोन यांचे मिश्रण. ओलेइक आम्ल व अमोनिया यांपासून साबण तयार होतो आणि तो तेल उचलतो. उरलेला अमोनिया तांब्याच्या ऑक्साइडला विरघळवतो. वापरलेले द्रावण हळूहळू निळे होते. तो निळा रंग विरघळलेल्या तांब्याचा असतो, म्हणून किती धातू जात आहे याचा तो चांगला दर्शक आहे. या द्रावणात भाग काही मिनिटेच ठेवतात. अधिक वेळ ठेवल्यास पितळ उजळण्याऐवजी काळवंडते.

पितळ आणि अमोनिया यांच्या संबंधाला भारतातील एका जुन्या घटनाक्रमाची पार्श्वभूमी आहे. ब्रिटिश अमलात लष्कराची पितळी काडतुसे पावसाळ्यात साठवणीतच तडकत असत. ती तबेल्यांत ठेवलेली असत. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि काडतुसाचे कवच ओढून घडवताना पितळेत राहिलेला ताण या तिन्हींच्या संयोगाने धातूला भेगा पडत. पावसाळ्याच्या ऋतूवरून या दोषाला ‘सीझन क्रॅकिंग’ हे नाव मिळाले. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी त्याचा उलगडा केला. घड्याळातही ठोकून वा दाबून बसवलेल्या पितळी भागांत असा ताण असतो. म्हणूनच अमोनियाचे द्रावण तीव्र न करणे, वेळ मोजणे आणि नंतर भाग पूर्णपणे धुणे यांना महत्त्व आहे.

द्रावणानंतर भाग शुद्ध पाण्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंवा नॅफ्थाने खंगाळतात आणि कोमट हवेत लगेच वाळवतात. पोलादावर पाणी काही मिनिटे राहिले तरी गंजाचे ठिपके येऊ शकतात. अल्ट्रासॉनिक यंत्रात ध्वनितरंगांमुळे द्रवात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात व अडचणीच्या जागेतील मळ निघतो. मात्र सुटणाऱ्या मुलाम्याचे पापुद्रेही त्याबरोबर निघतात, आणि एकमेकांवर आपटणाऱ्या भागांना ओरखडे पडतात.

अल्कोहोलच्या वापराला एक महत्त्वाचा अपवाद आहे. पॅलेटचे दोन खडे आणि बॅलन्सखालच्या रोलरचे माणिक हे शेलॅकने, म्हणजे शुद्ध केलेल्या लाखेने, चिकटवलेले असतात. भारतातील वनांत लाखेच्या किड्यांपासून मिळणारा हा पदार्थ घड्याळनिर्मितीत आजही वापरला जातो, कारण तो घट्ट धरतो आणि किंचित उष्णतेने पुन्हा मऊ करून खडा सरकवता येतो. हीच लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. पॅलेट अल्कोहोलात भिजत ठेवल्यास खडे सैल होतात. खडा किंचित हलला तरी घड्याळाची टिकटिक बिघडते. हे भाग नॅफ्थाने धुतात.

पितळ व मुलाम्यावरील हट्टी डाग

धुलाईनंतर उरलेल्या डागांसाठी लाकडी काडी हेच मुख्य हत्यार आहे. माणकाच्या छिद्रात काडीचे अणकुचीदार टोक घालून फिरवतात, पुन्हा टोक काढतात आणि ते स्वच्छ बाहेर येईपर्यंत हे करत राहतात. काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही. कोणत्याही द्रावणाने वाळलेले तेल छिद्रातून खात्रीने निघत नाही. टेकू-माणके, म्हणजे छिद्रावर झाकणासारखी बसणारी माणके, उचलून त्यांची आतली बाजू वेगळी पुसावी लागते.

हिरव्या कळंकावर तेलाचा थेंब काही तास ठेवून तो मऊ करतात व काडीने उचलतात. खाली राहिलेला काळसर खळगा तसाच ठेवणे बरे. तो घासून सपाट करायचा तर भोवतालचा मुलामा जाईल आणि लहान डागाच्या जागी मोठा पिवळा डाग येईल. उघड्या पितळेवर बारीक ॲल्युमिनियम ऑक्साइडची पूड तेलात कालवून वापरता येते. मुलामा असलेल्या वा नक्षीच्या पृष्ठभागावर ती वापरू नये, कारण ब्रिजवरील समांतर लाटांची सजावट अत्यंत उथळ असते आणि काही फेऱ्यांतच पुसट होते.

चिंच, लिंबू किंवा भांड्यांची पूड यांनी देवघरातील समई लखलखते, म्हणून तेच घड्याळाच्या प्लेटवर करून पाहण्याचा मोह अनेकांना होतो. समई जाड असते आणि तिला मुलामा नसतो. शिवाय ती पुन्हा पुन्हा घासण्यासाठीच असते. सेंद्रिय आम्ले ऑक्साइडबरोबर पितळेतील जस्तही विरघळवतात आणि पृष्ठभागावर तांब्याचे प्रमाण वाढून गुलाबी छटा येते. अनेक जुन्या प्लेटांवर दिसणारे गुलाबी चट्टे हे अशा आम्लप्रयोगांचे अवशेष असतात. ते धुऊन जात नाहीत.

जुन्या दुरुस्ती-पुस्तकांत सोनेरी मुलामा उजळण्यासाठी पोटॅशियम सायनाइडच्या द्रावणाची शिफारस आढळते. हे जहाल विष आहे. आम्लाशी संबंध येताच त्यातून प्राणघातक वायू निघतो. शिवाय ते सोने विरघळवते. सोन्याच्या खाणींत त्याचा उपयोग याच गुणामुळे होतो. म्हणजे उजळलेला मुलामा दर वेळी थोडा पातळ होत असे. आज या उपायाला केवळ ऐतिहासिक स्थान आहे.

पोलादावरील गंज

गंज दिसायला डाग असला तरी यंत्रासाठी तो झीज घडवणारा पदार्थ आहे. सोनार चकाकी आणण्यासाठी जी तांबडी पूड वापरतात, ती लोहाचे ऑक्साइडच असते. तीच पूड तेलात मिसळून माणकाच्या छिद्रात गेली की मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतक्या जाडीचे आसाचे टोक घासले जाते. म्हणून पितळेवरचा डाग ठेवला तरी चालतो, पण पोलादावरील हालता गंज ठेवता येत नाही.

वरवरचा गंज तेलात भिजवून पितळी टोकाच्या हत्याराने खरवडतात; पितळ पोलादापेक्षा मऊ असल्याने खालचा भाग ओरखडत नाही. काचतंतूंचा ब्रशही वापरतात, पण त्याचे तुटलेले तंतू यंत्रात व त्वचेत घुसतात, म्हणून तो यंत्रापासून दूर वापरून भाग पुन्हा धुवावा लागतो. खोल गंजासाठी लोहाच्या ऑक्साइडला बांधून विरघळवणारी उदासीन द्रावणे मिळतात. ती पोलाद फारसे खात नाहीत, परंतु निळा पडदा हाही ऑक्साइडच असल्याने तोही नेतात. निळे स्क्रू मग पुन्हा घासून तापवावे लागतात.

तुरटीचे गरम द्रावण पोलाद विरघळवते आणि पितळेला जवळजवळ धक्का लावत नाही. प्लेटमध्ये अडकलेला तुटका स्क्रू काढण्यासाठी घड्याळजी याच गुणाचा उपयोग करतात. त्यासाठी प्लेटवरील बाकीचे सर्व पोलादी भाग आधी काढलेले असावे लागतात. गंज काढायला म्हणून पोलादी भाग तुरटीत टाकल्यास भागच नाहीसा होतो.

हेअरस्प्रिंग

बॅलन्सची हेअरस्प्रिंग हा असा भाग आहे, जिथे डाग घासून काढण्याचा विचारच करता येत नाही. स्प्रिंगेचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. तिची जाडी सर्वत्र केवळ १ टक्क्याने घटली तर ताठपणा सुमारे ३ टक्क्यांनी व आंदोलनांची गती सुमारे दीड टक्क्याने कमी होते. दिवसाचे ८६,४०० सेकंद धरल्यास घड्याळ रोज २१ मिनिटांहून अधिक मागे पडेल. जुन्या निळ्या पोलादी स्प्रिंगेवर गंजाचा एक ठिपका असला तरी ती त्या ठिकाणी कमकुवत होते. वेटोळ्यांना चिकटलेले तेल नॅफ्थात बुडवून काढतात. गंज असल्यास स्प्रिंग बदलतात.

रेडियमचा धोका

२०व्या शतकाच्या पूर्वार्धात अंधारात चमकणाऱ्या तबकड्या व काटे यांवर रेडियमयुक्त रंग दिलेला असे. त्याची चमक कधीच संपलेली असली तरी रेडियमचा अर्धायुष्यकाल सुमारे १,६०० वर्षे असल्याने किरणोत्सार कायम असतो. वाळलेल्या रंगाचे कण गळून यंत्रात पडतात आणि पिवळट-तपकिरी धुळीसारखे दिसतात. हा डाग म्हणून खरवडणे, फुंकर मारून उडवणे किंवा कोरड्या ब्रशने झाडणे अत्यंत धोकादायक आहे, कारण श्वासाबरोबर गेलेले कण शरीरात राहतात. अशी शंका असल्यास घरी यंत्र न उघडणेच योग्य.

भारतातील परिस्थिती

मुंबई, कोकण आणि गोव्याच्या किनारपट्टीवर पावसाळ्यात हवेतील आर्द्रता दीर्घकाळ जास्त राहते व तिच्यात समुद्राचे क्षार असतात. त्यामुळे या भागातील जुन्या घड्याळांत पोलादी भागांचा गंज आणि निकेल मुलाम्याचे फोड हे दोष वारंवार आढळतात. सफाईनंतर यंत्र सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवण्याची पद्धत येथे विशेष उपयोगी पडते.

महाराष्ट्रातील घरांत सापडणाऱ्या जुन्या घड्याळांत एचएमटीची संख्या मोठी आहे. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूर येथे १९६१ साली या घड्याळांचे उत्पादन सुरू झाले. २०१६ साली केंद्र सरकारने ही घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. नवे सुटे भाग आता तयार होत नाहीत. त्यामुळे बंद पडलेल्या घड्याळांतील भाग काढून ते दुसऱ्या यंत्रात बसवले जातात आणि डागाळलेला पण शाबूत ब्रिज फेकून न देता जपून ठेवावा लागतो. अशा अदलाबदलीत एका यंत्रात दोन वेगळ्या छटांचे ब्रिज दिसतात. ते एकसारखे दिसावेत म्हणून नव्याने मुलामा देणारे कारागीर आहेत. परंतु त्यासाठी जुना थर काढावा लागतो व नव्या थराची जाडी माणकांच्या आणि आसांच्या बैठकींत भरते. म्हणून मुलाम्यापूर्वी माणके काढून त्यांच्या जागा झाकणे, व नंतर प्रत्येक चक्राची उभी मोकळीक पुन्हा तपासणे आवश्यक असते.